एक नाव, अनेक जहाजं: पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन मूळ पुरुषाचं गाव कसं शोधायचं?

कागदपत्री यांचा प्रश्न:

पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीच्या एका जर्मन कुटुंबाची वंशावळ लावतोय. आजपासून मागे जात १७८४ पर्यंतचे दुवे पक्के आहेत. त्या वर्षीच्या मृत्युपत्रात पत्नी कॅथरीना आणि सहा मुलांची नावं आहेत. मूळ पुरुषाचं नाव योहानेस. आडनाव कागदागणिक बदलतं: श्नायडर, स्नायडर, एका ठिकाणी तर थेट भाषांतर करून टेलर. १७६७च्या करयादीत शंभर एकर जमीन, दोन घोडे, तीन गाई. त्याआधी हाती काही नाही.

इंटरनेटवर याची चाळीसेक झाडं, म्हणजे लोकांनी चढवलेले वंशवृक्ष, सापडली. सगळीकडे एकच ओळ: १७४९ साली रॉटरडॅमहून फिलाडेल्फियाला आला, जन्म पॅलाटिनेटमध्ये (नैर्ऋत्य जर्मनीतला ऱ्हाइनकाठचा मुलूख). गाव कुठेच दिलेलं नाही. छापील जहाजयाद्या उघडल्या तर १७५४ पर्यंत या नावाचे इतके जण भेटले की डोकं धरून बसलो.

तर, यातला आपला माणूस कोणता हे कशावरून ठरवायचं? गाव शोधायला जर्मनीतल्या चर्चवह्यांत थेट नाव टाकून पाहावं का? आणि डीएनए चाचणीने हा गुंता सुटेल का?

दप्तरदार:

आधी ते १७४९ पुसून टाका. चाळीस झाडं म्हणजे चाळीस पुरावे नव्हेत. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. झाडाखाली आधार म्हणून दुसरं झाडच दिलेलं असेल तर पुढे वाचूही नका.

आता या याद्या नेमक्या काय आहेत ते पाहा, कारण लोक त्यांच्याकडून भलत्याच अपेक्षा करतात. ब्रिटिश राजाची प्रजा नसलेल्या, १६ वर्षांवरच्या पुरुष उतारूंनी राजनिष्ठेची शपथ घ्यायची आणि कप्तानाने उतारूंची यादी द्यायची, असं पेनसिल्व्हेनियाच्या प्रांतिक कौन्सिलने सप्टेंबर १७२७ मध्ये ठरवलं. त्यामुळे एका जहाजाच्या तीनपर्यंत याद्या मिळतात. ए यादी कप्तानाची. ती इंग्रजी कानाने ऐकून लिहिलेली, त्यामुळे नावांची पार वाट लागलेली असते. बी यादी राजनिष्ठेच्या शपथेची, सी यादी ब्रिटिश गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट दावेदाराला नाकारणाऱ्या शपथेची. या दोन्हींवर उतारूंनी स्वतःच्या हाताने सही केली. लिहिता न येणाऱ्याने खूण केली आणि तिच्याशेजारी कारकुनाने नाव लिहिलं. बऱ्याच जहाजांची ए यादी आज शिल्लकच नाही.

बायका आणि मुलं बी आणि सी यादीत नसतात, ए यादीतही क्वचितच. आजारी पडून जहाजावरच राहिलेला पुरुष ए यादीत दिसतो आणि शपथेच्या यादीत नसतो. तेव्हा 'एकटाच आला' असा निष्कर्ष या याद्यांवरून काढता येत नाही. 'रॉटरडॅमहून, शेवटचं बंदर काउझ' (काउझ हे इंग्लंडमधलं बंदर) यावरूनही गावाबद्दल काही कळत नाही. ऱ्हाइन नदीने खाली येणारे बहुतेक सगळे रॉटरडॅमला जहाजावर चढायचे. आणि 'पॅलाटाइन' हा शब्द कारकून सरसकट जर्मन बोलणाऱ्या कोणालाही लावायचे, मग तो व्युर्टेम्बर्गचा असो की स्वित्झर्लंडचा. तुमच्या झाडांमधला 'जन्म पॅलाटिनेट' तिथूनच आलेला दिसतोय.

नावांची गर्दी कमी करायचा पहिला उपाय अगदी सोपा आहे. योहान आणि योहानेस ही वेगळी नावं धरा. योहान हे बहुतेक वेळा नुसतं पुढे लावायचं नाव. एका घरातले चारही भाऊ योहान अमुक आणि योहान तमुक असायचे आणि हाक दुसऱ्या नावाने मारली जायची. योहान गेऑर्ग म्हणजे व्यवहारात गेऑर्ग. योहानेस मात्र स्वतंत्र, हाक मारायचं नाव. म्हणून यादीतले योहान गेऑर्ग, योहान पेटर, योहान याकोब असे सगळे श्नायडर आधी बाजूला काढा. नुसते योहानेस उरतील.

दुसरा उपाय सहीचा. स्ट्रासबर्गर आणि हिंकी यांच्या १९३४च्या तीन खंडांपैकी दुसऱ्या खंडात मूळ सह्यांच्या छायाप्रती आहेत. नंतरच्या पुनर्मुद्रणांत नेमका हाच खंड गाळलेला सापडतो, म्हणून हाती पडलेल्या प्रतीत तो आहे का ते आधी पाहा. ताडून पाहायला तुमच्या माणसाची अस्सल सही हवी. इथे नवखे हमखास फसतात. काउंटीच्या मृत्युपत्रांच्या वहीत आहे ती नक्कल. त्यातली सगळी अक्षरं, सहीसकट, कारकुनाची. मूळ सुटा कागद वेगळा ठेवलेला असतो. तो काउंटीच्या मृत्युपत्र नोंदणी कार्यालयाकडे मागावा लागतो. तोही मरणपंथाला लागलेल्या माणसाने थरथरत्या हाताने केलेला असण्याची शक्यता मोठी. त्यापेक्षा १७६०च्या आसपास त्याने कोणाच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून किंवा मालमत्तेच्या यादीवर पंच म्हणून केलेली सही मिळाली तर सोनं.

जहाजयादीत सही आणि मृत्युपत्रावर खूण, हे आजारपणाने होऊ शकतं. जहाजयादीत खूण आणि दहा वर्षांनी सफाईदार सही असेल तर बहुधा माणूस वेगळा.

बांधाला_बांध:

दप्तरदारांचं सगळं मान्य. पण मी असतो तर जहाजयादी सगळ्यात शेवटी उघडली असती. आणि जर्मन चर्चवह्यांत थेट नाव टाकून शोधणं तर मुळीच नको. श्नायडर म्हणजे शिंपी. जिथे शिंपी तिथे श्नायडर. योहानेस श्नायडर या नावाचे बाप्तिस्मे हवे तितके मिळतील, त्यातला एखादा वयाने जुळेल आणि तुम्ही कायमचे चुकीच्या घरात शिराल.

गावाचं नाव अमेरिकेतच मिळवायचं. आणि ते बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या कागदांत नसून आजूबाजूच्या माणसांच्या कागदांत असतं. हे लोक एकेकटे येत नसत. एका गावातली पाचदहा घरं एकाच वर्षी निघायची, जवळजवळ जमिनी घ्यायची आणि एकमेकांच्या मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता-धर्ममाता म्हणून उभी राहायची. म्हणून श्नायडर शोधू नका. त्याच्या बांधाला बांध असलेला, चमत्कारिक आडनावाचा शेजारी शोधा. जे आडनाव अख्ख्या ऱ्हाइन खोऱ्यात दोनतीन गावांतच सापडतं, असा एक शेजारी मिळाला तरी दहा श्नायडरांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

माणसं गोळा कशी करायची? मृत्युपत्राचे व्यवस्थापक आणि साक्षीदार, मालमत्तेची यादी करणारे पंच, मुलांचे धर्मपिता-धर्ममाता, करयादीतले पुढचेमागचे (यादी वर्णानुक्रमे नसेल तरच, तशी असेल तर शेजार कळत नाही), आणि जमिनीच्या नकाशावरचे शेजारी. शेवटचा गट सगळ्यात खात्रीचा. पेनसिल्व्हेनियात जमीन टप्प्याटप्प्याने मिळायची: अर्ज, मग वॉरंट म्हणजे मोजणीचा हुकूम, मग मोजणी, शेवटी पेटंट म्हणजे कायमची सनद. मोजणीच्या नकाशावर चारही बाजूंच्या धारकांची नावं लिहिलेली असतात. वॉरंटच्या नोंदवह्या आणि मोजणीचे नकाशे राज्याच्या अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवलेत. एक खाचखळगा: १७३२ ते १७६५ या काळात शंभर एकरांना साडेपंधरा पौंड पडायचे, त्यामुळे कित्येकांनी वॉरंट घेतलं आणि पूर्ण रक्कम भरून सनद घ्यायला वीसतीस वर्षं लावली. सनद मुलाच्या किंवा जमीन विकत घेणाऱ्या तिसऱ्याच माणसाच्या नावे निघालेली असते. तेव्हा सनदेत नाव नाही म्हणून थांबू नका. त्या तुकड्याचं वॉरंट कोणाच्या नावे होतं ते पाहा.

दुसरी गोष्ट, बर्क्स काउंटीचा जन्मच १७५२चा. फिलाडेल्फिया, लँकेस्टर आणि चेस्टर या तिघींतून ती काढली. तुमचा माणूस त्याआधी त्याच शेतावर राहत असेल तर त्याचे कागद या तिघींपैकी एकीत आहेत. माणूस जागचा हलत नाही, काउंटी हलते. 'त्याआधी काही नाही' यामागे हेच कारण असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

चर्चकडे वळताना अमेरिकेतल्या मुलांचे बाप्तिस्मे आधी. सुरुवातीच्या काळात पाद्री कमी आणि फिरते. योहान कास्पार श्टोवरसारख्या पाद्र्याने आपले बाप्तिस्मे आणि विवाह स्वतःच्या खासगी वहीत लिहिले. म्हणजे जवळच्या चर्चच्या वहीत नोंद नसली तरी पाद्र्याच्या वहीत असू शकते. लुथेरन आणि रिफॉर्म्ड या दोन प्रॉटेस्टंट पंथांच्या मंडळी पुष्कळदा एकच इमारत वाटून घेत आणि वह्या मात्र वेगळ्या ठेवत. दोन्ही पाहा. लुथेरन बायको आणि रिफॉर्म्ड नवरा असेल तर मुलं दोन्हींकडे विखुरलेली सापडतात.

दफनाच्या नोंदीत कधीकधी पाद्री जन्मगाव लिहून जातो. मोराव्हियन पंथात तर माणसाच्या मृत्यूनंतर त्याचं अख्खं जीवनवृत्त, गाव आणि आईवडिलांसकट, लिहून ठेवायची पद्धत होती. बेथलेहेमच्या मोराव्हियन अभिलेखागारात ती आहेत. तुमचा माणूस मोराव्हियन नसला तरी त्याचा एखादा शेजारी किंवा व्याही निघेल. जर्मनटाउनहून १७३९ पासून निघणाऱ्या क्रिस्टॉफ साउअरच्या जर्मन वर्तमानपत्रातल्या जाहिरातीही सोडू नका. 'अमुक गावचा तमुक, आपल्या भावाचा शोध घेत आहे' अशा मजकुराच्या त्या जाहिराती आहेत. इंग्रजीत त्यांचे सारांश छापलेत.

कॅथरीनाचं माहेर अजून कळलेलं नाही, हे तुमच्या मजकुरावरून दिसतं. तिथे जोर लावा. पहिल्या दोन मुलांचे धर्मपिता-धर्ममाता हे फार वेळा आजीआजोबा किंवा मामा-मावशी असतात.

कागदपत्री:

दोघांचेही आभार. बायकोच्या माहेराकडे खरंच दुर्लक्ष झालं होतं. जुन्या टिपणांत शोधताना अजून एक सापडलं: सप्टेंबर १७५३ मध्ये ब्रिटिश प्रजाजनत्व घेतलेल्यांच्या यादीत योहानेस स्नायडर, बर्क्स काउंटी. हा तोच धरला तर काय कळतं?

दप्तरदार:

तोच असेल तर चाळीस झाडं एका फटक्यात आडवी. १७४०च्या कायद्यानुसार वसाहतीत सलग सात वर्षं राहिल्याशिवाय प्रजाजनत्व मिळत नसे, आणि मध्ये दोन महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलेलं चालत नसे. १७५३ मधून सात गेले, १७४६. म्हणजे उशिरात उशिरा सप्टेंबर १७४६ पर्यंत तो इथे पोचलेला असला पाहिजे. १७४९चं जहाज त्याचं असूच शकत नाही. मात्र सात वर्षं होताच लगेच लोक जात, असं समजू नका. काही जण वीस वर्षांनीही गेले. मिळतं ते फक्त अलीकडचं टोक.

याच यादीत प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी-द्राक्षारसाचा विधी) घेतल्याची तारीख असते. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये शपथेच्या आधीच्या तीन महिन्यांत प्रभुभोजन घेतल्याचा दोन साक्षीदारांचा दाखला लागायचा. त्याच दिवशी प्रभुभोजन घेतलेले, त्याच काउंटीचे बाकीचे लोक बहुधा एकाच मंडळीचे, एकत्र घोड्यावरून फिलाडेल्फियाला आलेले. बांधाला_बांध यांनी सांगितलेल्या शेजाऱ्यांच्या यादीशी ही नावं लावून पाहा. जुळली तर तो तोच. मेनोनाइट पंथीयांसारख्या शपथ न घेणाऱ्यांची नावं प्रतिज्ञेच्या वेगळ्या यादीत असतात, तिथे प्रभुभोजनाची तारीख नसते.

आणखी एक शक्यता. शेत बर्क्सच्या टुल्पेहॉकन भागात असेल तर फिलाडेल्फियाच्या याद्यांत नाव नसणंच योग्य ठरू शकतं. १७१० साली न्यूयॉर्कला उतरलेल्या जर्मनांपैकी काही कुटुंबं १७२३ पासून स्कोहारी खोऱ्यातून तिकडे उतरली. त्यांच्यासाठी याद्या, पुस्तकं, सगळंच वेगळं.

कुर्रेंट_आणि_मोडी:

गाव मिळाल्यानंतर काय, ते मी लिहितो. कारण तिथेही 'नाव सापडलं, काम झालं' असा समज असतो.

गावाचं नाव अमेरिकन कागदात मोडूनतोडून येतं आणि एकाच नावाची अनेक गावं असतात. श्टाइनबाख, वायलर, नॉयश्टाट यांची मोजदादच नको. मायर्सच्या १९१२च्या स्थलकोशाची ऑनलाइन आवृत्ती फुकट आहे. ती गावाशेजारी कोणत्या पंथाचं चर्च कुठे होतं ते सांगते. छोट्या गावाची चर्चवही बहुधा शेजारच्या गावात असते, आणि लुथेरन व रिफॉर्म्ड यांच्या वह्या दोन वेगळ्या गावांत असू शकतात. हा स्थलकोश १९१२च्या जर्मन साम्राज्याचा. अठराव्या शतकात तेच गाव कोणा सरदाराचं किंवा बिशपचं होतं. सरकारी कागद त्या जुन्या धन्याच्या दप्तरात असतात.

बाडेन, व्युर्टेम्बर्ग आणि पॅलाटिनेट इथल्या प्रॉटेस्टंट वह्या आर्किऑन या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर पुष्कळ वह्यांच्या प्रतिमा आहेत पण सूची नाही. शोधचौकटीत नाव टाकून काही मिळालं नाही याचा अर्थ नोंद नाही असा होत नाही. कॅटलॉगमधून गाव काढायचं आणि पान पान उलटायचं. अल्सासच्या (आता फ्रान्समध्ये) वह्या तिथल्या प्रांतिक अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. पॅलाटिनेटमध्ये तीस वर्षांच्या युद्धाने (१६१८-४८) आणि पुन्हा १६८९च्या जाळपोळीने कित्येक वह्या नष्ट झाल्या, त्यामुळे काही गावांत १६९० च्या मागे जाताच येत नाही. तीस वर्षांच्या युद्धानंतर ओस पडलेल्या या भागात स्विस कुटुंबं येऊन वसली. म्हणून नवऱ्यामुलाच्या नावापुढे 'झ्युरिखच्या मुलखातला' किंवा 'बर्नच्या मुलखातला' असं दिसलं तर दचकू नका. सहीत आडनाव श्नीडर असं आलं असेल तर तोही स्विस वळणाचा इशारा.

आता सिद्धता. बाप्तिस्मा सापडला. पुढचं काम म्हणजे तो मूल असतानाच मेला का ते दफनांच्या वहीत पाहणं. निम्म्या चुका इथे होतात. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव देत, त्यामुळे एकाच आईबापांचे दोन योहानेस सामान्य गोष्ट. मग तो मोठा होऊन त्याच गावात संसार करत राहिला का ते पाहा. देशांतराच्या सालानंतरही त्याची मुलं तिथेच जन्मत असतील तर तुमचा माणूस तो नव्हे. पाहिजे ते असं: बाप्तिस्मा आहे, बालपणी दफन नाही, लग्न आणि दोनतीन मुलं आहेत, आणि मग अचानक वहीतून अख्खं घर गायब. त्यात पत्नी कॅथरीना, मुलांची नावं मृत्युपत्राशी जुळतात आणि अमेरिकेतला तो चमत्कारिक आडनावाचा शेजारी दोन पानं आधी धर्मपिता म्हणून उभा. एवढं जमलं की मी मान्य करेन.

समासात पाद्र्याने लिहिलेलं जरूर वाचा. 'नव्या देशात गेला' एवढंच असतं, कधी 'पेनसिल्व्हेनिया बेटावर' असंही. गावच्या पाद्र्याला भूगोल तेवढाच. भूदास असेल तर निघण्याआधी धन्याकडून मोकळीक विकत घ्यावी लागे आणि नेलेल्या मालमत्तेवर कर भरावा लागे. ते कागद राज्य अभिलेखागारांत आहेत आणि बाडेन व आसपासच्या मुलखाचे सारांश वेर्नर हाकर यांनी छापलेत. फुकट पळून गेलेल्यांचे अर्थातच नाहीत.

लिपी कुर्रेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी. मोडी शिकलेल्यांना अंदाज येईल: एकदा हात ओळखीचा झाला की वाचता येतं, तोवर प्रत्येक शब्द म्हणजे सापांची गुंतवळ. त्यातला ई आणि एन जवळजवळ सारखे दिसतात. यूवर छोटी कमान काढलेली असते, तिला उम्लाउट (स्वराचा उच्चार बदलणारी दोन टिंबं) समजू नका. स्त्रीच्या आडनावाला 'इन' लागतं: श्नायडरिन म्हणजे श्नायडरची बायको किंवा मुलगी, वेगळं आडनाव नाही. एकाच पाद्र्याच्या हातची वीस पानं नुसती महिने आणि बाप्तिस्म्याचे ठराविक शब्द ओळखत उतरवा, मग आपलं नाव शोधा.

रंगसूत्र:

डीएनएबद्दल थोडक्यात. नेहमीची ऑटोसोमल (आईबाप दोन्हींकडच्या पूर्वजांचा डीएनए पाहणारी) चाचणी इतक्या मागे फार कामाची नाही. आठ पिढ्या मागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी दोनशेछप्पन्नावा भाग, म्हणजे ०.४ टक्क्यांच्या आत. चौथ्या पायरीच्या चुलत-मावस भावंडांपैकी जेमतेम निम्म्यांशीच काही जुळतं, पुढे ते झपाट्याने घटतं. शिवाय मेनोनाइट किंवा आमिश पंथीयांचं रक्त असेल तर आपापसातल्या लग्नांमुळे नातं असतं त्यापेक्षा जवळचं दिसतं.

वाय डीएनएचा, म्हणजे फक्त बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या डीएनएचा, उपयोग आहे. मूळ पुरुषापासून बाप-मुलगा अशी अखंड ओळ असलेल्या वंशजाची किमान ३७, शक्यतो १११ मार्करांची (डीएनएवरच्या तपासायच्या ठरावीक जागा) चाचणी करा आणि आडनावाच्या प्रकल्पात घाला. मुख्य फायदा नकाराचा: बर्क्सचा श्नायडर आणि लँकेस्टरचा श्नायडर एका घरचे नाहीत हे ती ठामपणे सांगते. जुळले तरी समान पूर्वज कोणत्या पिढीत, हे मात्र कागदच सांगणार. ओळीत एक जरी दत्तक मुलगा असेल तर निकाल फसवा, म्हणून मूळ पुरुषाच्या दोन वेगळ्या मुलांच्या वंशातले दोघे तपासा.

कागदपत्री:

शेवटचं एक. जमिनीच्या वॉरंटची तारीख मला १० फेब्रुवारी १७४५ अशी मिळाली, पण त्याच तुकड्याच्या शेजाऱ्याचं वॉरंट डिसेंबर १७४५चं आणि त्यात माझ्या माणसाचा उल्लेख 'नुकताच अर्ज केलेला' असा. क्रम उलटा लागतोय.

कुर्रेंट_आणि_मोडी:

उलटा नाही. ब्रिटिश वसाहतींत १७५२ पर्यंत जुनी दिनदर्शिका होती आणि वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे १० फेब्रुवारी १७४५ हा डिसेंबर १७४५ नंतर येतो. आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १७४६. टिपणात १७४५/४६ असं दोन्ही लिहा, म्हणजे नंतर कोणी 'सुधारणार' नाही. जर्मन वहीशी ताडताना ११ दिवसही मिळवा, कारण जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट मुलखांनी १७०० सालीच नवी दिनदर्शिका घेतली होती: तिथला ३ मार्च १७२२ म्हणजे पेनसिल्व्हेनियात २० फेब्रुवारी १७२१. आणि पाद्र्याने महिना 7bris असा आकड्याने लिहिला असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात. आठाचा ऑक्टोबर, नवाचा नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा डिसेंबर.